नायट्रेट आत, नायट्राइट बाहेर: जीवाणूंच्या पटलावरची देवघेव

लघवीच्या तपासणीसाठी लॅबमध्ये जी प्लास्टिकची पट्टी वापरतात, तिच्यावर कागदाचे बारीक चौकोन ओळीने चिकटवलेले असतात. साखरेचा एक, प्रथिनांचा एक, रक्ताचा एक. त्यातच एक चौकोन नायट्राइटचा असतो. पट्टी नमुन्यात बुडवून काढली आणि मिनिटभरात तो पांढरा चौकोन गुलाबी झाला, तर मूत्रमार्गात जंतुसंसर्ग असण्याची दाट शक्यता असते. हा रंग देणारी रासायनिक क्रिया पीटर ग्रीस या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1879 मध्ये मांडली. तेव्हा तो इंग्लंडमध्ये बर्टन-ऑन-ट्रेंट या गावी बिअरच्या कारखान्यात नोकरीला होता.

निरोगी माणसाच्या लघवीत नायट्राइट जवळजवळ नसतं. नायट्रेट मात्र असतंच. पालक, मुळा, बीट यांसारख्या भाज्यांमधून आणि पिण्याच्या पाण्यातून ते पोटात जातं आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात. दोघांमध्ये फरक फक्त एका ऑक्सिजनचा: नायट्रेटमध्ये एका नायट्रोजनला तीन ऑक्सिजन, नायट्राइटमध्ये दोन. ई. कोलायसारखे जीवाणू मूत्राशयात वाढत असतील, तर ते नायट्रेटमधला हा एक ऑक्सिजन काढून घेतात. म्हणूनच डॉक्टर शक्यतो सकाळची पहिली लघवी मागतात. रात्रभरात जीवाणूंना तेवढा वेळ मिळालेला असतो. एंटेरोकॉकससारख्या काही जीवाणूंना हे जमत नाही. त्यांचा संसर्ग असेल तर चौकोन पांढराच राहतो, त्यामुळे पांढरा चौकोन म्हणजे संसर्ग नाहीच, असं धरून चालत नाही.

आता एका गोष्टीकडे नीट बघू. ऑक्सिजन काढून घेण्याची ही क्रिया मुख्यतः जीवाणूच्या पेशीच्या आत होते आणि पट्टी बुडते ती बाहेरच्या द्रवात. म्हणजे चौकोन गुलाबी होण्याआधी असंख्य नायट्रेट पेशीत गेले आणि तितकेच नायट्राइट पेशीतून बाहेर आले. ही ये-जा पेशीच्या पटलात, म्हणजे तिच्याभोवतीच्या पातळ आवरणात, रुतलेली प्रथिनं घडवून आणतात. नायट्रेटवर जगणाऱ्या जीवाणूबद्दल बोलताना सगळे त्याच्या आतल्या रासायनिक यंत्रणेबद्दल बोलतात. माझ्या मते अर्धी गोष्ट, आणि काही जीवाणूंत तर अर्ध्याहून जास्त, या पटलावरच्या प्रथिनांची आहे.

आधी जीवाणूला नायट्रेट हवंच कशाला, ते बघू. कारणं दोन. एक म्हणजे अन्न: नायट्रेटमधला नत्र, म्हणजे नायट्रोजन, वापरून स्वतःची प्रथिनं आणि डीएनए बनवायचे. दुसरं कारण श्वास. आपण खातो त्या अन्नातून पेशी इलेक्ट्रॉन काढतात, त्यातून ऊर्जा मिळवतात आणि शेवटी ते इलेक्ट्रॉन कुणाच्या तरी गळ्यात बांधावे लागतात. आपण ते ऑक्सिजनच्या गळ्यात बांधतो. हवा पोचत नाही अशा जागी, म्हणजे आतड्यात, चिखलात, समुद्राच्या काही थरांत, पुष्कळ जीवाणू ते नायट्रेटला देतात. ऑक्सिजनइतकी ऊर्जा त्यातून मिळत नाही, पण नुसत्या आंबवण्यातून मिळते त्यापेक्षा कितीतरी जास्त मिळते.

ई. कोलायमध्ये हे काम करणारं विकर, म्हणजे एन्झाइम, तीन भागांचं आहे: नार-जी, नार-एच आणि नार-आय. 2003 मध्ये त्याची संपूर्ण त्रिमितीय रचना प्रसिद्ध झाली. नार-आय पटलात रुतलेला असतो. नार-जीमध्ये मॉलिब्डेनम धातू असतो आणि नायट्रेटचा ऑक्सिजन नेमका तिथे निघतो. ही जागा पेशीच्या आतल्या बाजूला आहे. इलेक्ट्रॉन पटलाच्या बाहेरच्या अंगाला सुटतात, तिथे प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे धनभारित कण, मागे राहतात. इलेक्ट्रॉन आत येऊन नायट्रेटला मिळतात आणि ती क्रिया आतले प्रोटॉन खर्च करते. बाहेर प्रोटॉन जास्त, आत कमी. हाच फरक वापरून पेशी एटीपी बनवते, म्हणजे कामासाठी ऊर्जा साठवणारा रेणू. याच कामाचं दुसरं एक विकर, नाप, पटलाच्या बाहेरच्या बाजूला असतं. त्याला नायट्रेट आत आणावं लागत नाही, पण प्रोटॉनचा हा फायदाही त्याला थेट मिळत नाही. नायट्रेट आत आणण्याची खटपट जीवाणू फुकट करत नाहीत, ते यावरून कळतं.

आणि ती खटपट खरंच मोठी आहे. ई. कोलायला दोन पटलं असतात. बाहेरच्या पटलात पाण्याने भरलेली छिद्रं आहेत, त्यातून नायट्रेट सहज जातं. अडतं ते आतल्या पटलाशी. हे पटल मेदाच्या दुहेरी थराचं असतं, जाडी जेमतेम 4-5 नॅनोमीटर. नायट्रेटवर ऋणभार आहे; पाण्यात ते खुशाल असतं, पण तेलकट थरात शिरायचं तर भोवतालचे पाण्याचे रेणू सोडून द्यावे लागतात आणि ते त्याला अजिबात परवडत नाही. त्यात भर म्हणजे पेशीची आतली बाजू बाहेरच्या तुलनेत ऋण असते. फरक साधारण 150 मिलिव्होल्टचा. आकडा ऐकायला किरकोळ वाटतो, पण तो एवढ्या पातळ पटलावर पडतो. 0.15 व्होल्टला 5 नॅनोमीटरने भागलं, तर मीटरमागे 3 कोटी व्होल्ट येतात. ऋणभारित नायट्रेटला हे क्षेत्र बाहेर ढकलत असतं.

तिसरी अडचण आत गेल्यावरची. तयार झालेलं नायट्राइट विषारी आहे. ते पेशीत साठलं तर आतल्या प्रथिनांचं नुकसान होतं. म्हणून ते तयार होईल तसं बाहेर काढायला हवं.

ई. कोलायच्या नार-के या प्रथिनात या तिन्ही अडचणींची तोड एकाच हालचालीत आहे. आपल्याकडे गॅसचा रिकामा सिलिंडर दिल्याशिवाय भरलेला मिळत नाही, तसं नार-के एक नायट्राइट बाहेर सोडतं तेव्हाच एक नायट्रेट आत घेतं. दोघांवर ऋणभार एकेकच, त्यामुळे देवघेवीत विजेचा हिशोब शून्य होतो आणि पटलावरच्या त्या व्होल्टेजशी भांडावं लागत नाही. प्रोटॉनही खर्च होत नाहीत. नायट्राइट आत साठत नाही. आणि आतलं विकर जितक्या वेगाने नायट्राइट बनवतं, तितक्याच वेगाने नवं नायट्रेट आत येतं. वेगळी देखरेख लागत नाही.

हे इतकं सुटसुटीत वाटतं, पण ते कळायला वीसेक वर्षं गेली. नार-केचं जनुक विकराच्या जनुकांना लागूनच आहे, म्हणून नायट्रेटशी त्याचा काहीतरी संबंध असणार हे उघड होतं. 1991 मध्ये प्रयोगांवरून असं मांडलं गेलं की नार-केमुळे नायट्रेट आत जाणं आणि नायट्राइट बाहेर येणं, दोन्ही वाढतात. 1994 मध्ये दुसऱ्या एका गटाने म्हटलं की ते केवळ नायट्राइट बाहेर फेकणारं प्रथिन आहे. दोन्ही बाजूंचे प्रयोग काळजीपूर्वक केलेले होते. अडचण अशी की जिवंत पेशीत नायट्रेट आत गेलं की लगेच त्याचं नायट्राइट होतं. वाहतूक कुठे संपली आणि रासायनिक क्रिया कुठे सुरू झाली, हे बाहेरून मोजून वेगळं काढता येत नव्हतं. शिवाय ई. कोलायकडे नार-यू नावाचं जवळजवळ तसंच दुसरं प्रथिन आहे आणि नायट्राइटची ने-आण करणारं नीर-सी नावाचं तिसरंही. एकाला काढलं तर दुसरं थोडंफार निभावून नेतं.

प्रश्न सुटला तो रचना दिसल्यावर. रचना बघायची तर आधी प्रथिनाचे स्फटिक लागतात, आणि पटलातल्या प्रथिनांचे ते मिळवणं फार कठीण असतं, कारण त्यांचा बराचसा पृष्ठभाग तेलकट असतो आणि ती एकमेकांशी नीट रचून बसत नाहीत. अमेरिकेत तामिर गोनेन यांच्या गटाने नार-केला प्रतिपिंडाचा एक तुकडा चिकटवला, म्हणजे स्फटिकाला धरायला जागा मिळाली, आणि 2013 मध्ये 'नेचर'मध्ये रचना प्रसिद्ध केली. नार-यूची रचनाही त्याच वर्षी आली. 2015 मध्ये टोकियो विद्यापीठातल्या संशोधकांनी नार-केला वेगवेगळ्या स्थितींत पकडलं: आतल्या बाजूला उघडं असताना, आणि नायट्रेट पोटात घेऊन दोन्ही बाजूंनी मिटलेलं असताना.

त्या रचनेत काय दिसतं, ते जरा थांबून बघण्यासारखं आहे. साडेचारशेच्या वर अमिनो आम्लांची एक साखळी पटलाच्या आरपार बारा वेळा ये-जा करते. हे बारा सर्पिल दांडे सहा-सहाच्या दोन जुडग्यांत उभे असतात आणि दोन जुडग्यांच्या मधोमध नायट्रेटची जागा असते. ही जागा कधी बाहेरच्या बाजूला उघडते, कधी आतल्या. दोन्हीकडे एकाच वेळी कधीच नाही. एकाच वेळी उघडली असती तर ते नुसतं भोक झालं असतं आणि पटलावरचं व्होल्टेज तिथून गळून गेलं असतं.

नायट्रेटच्या जागेत आर्जिनिन नावाची दोन अमिनो आम्लं समोरासमोर आहेत, प्रत्येक जुडग्यातून एक. क्रमांक 89 आणि क्रमांक 305. आर्जिनिनवर धनभार असतो, तो ऋणभारित नायट्रेटला दोन्ही बाजूंनी धरतो. पण क्लोराइडवरही ऋणभार आहे आणि निसर्गात ते नायट्रेटपेक्षा बहुतेक ठिकाणी मुबलक आहे. मग नायट्रेटच नेमकं कसं निवडलं जातं? नायट्रेट चपटं, त्रिकोणी असतं. जागेच्या वर-खाली फिनाइलअॅलॅनिन या अमिनो आम्लाची सपाट कडी आहेत आणि त्यांच्यामधल्या अरुंद फटीत असा चपटा आयनच, म्हणजे विद्युतभारित कणच, नीट बसतो. गोल क्लोराइड किंवा चौफेर पसरलेलं सल्फेट तिथे जमत नाही. नायट्राइटही चपटंच, म्हणून तेही चालतं.

मला यातलं सर्वांत देखणं वाटतं ते पुढचं. समजा, जागा रिकामी आहे. आता दोन आर्जिनिनचे दोन धनभार एकमेकांना दूर लोटतात, आणि दोन जुडगी जवळ येऊन मिटू शकत नाहीत. मिटल्याशिवाय दुसऱ्या बाजूला उघडता येत नाही. नायट्रेट किंवा नायट्राइट येऊन बसलं की त्याचा ऋणभार हे लोटणं शमवतो आणि प्रथिन मिटतं. म्हणजे नार-केला रिकाम्या हाताने परत फिरताच येत नाही. नायट्रेट आत सोडल्यावर पुन्हा बाहेरच्या बाजूला तोंड करायचं, तर आतून नायट्राइट उचलावंच लागतं. टोकियोच्या गटाने 2015 मध्ये दिलेलं हे स्पष्टीकरण आहे. देवघेवीचा नियम कुणी वरून लादलेला नाही. दोन अमिनो आम्लांच्या विद्युतभारातच तो आहे. वाहतुकीच्या वाटेत प्रोटॉन धरू शकेल असं आम्लधर्मी अमिनो आम्लही सापडलं नाही, त्यामुळे प्रोटॉन बरोबर नेण्याची शक्यताही मागे पडली.

आता चोखंदळ वाचकाच्या मनात प्रश्न येईल: बदल्यात द्यायला आत नायट्राइट हवं, पण पहिलंवहिलं नायट्राइट येणार कुठून? पॅराकॉकस डिनायट्रिफिकन्स या मातीतल्या जीवाणूने त्याची सोय करून ठेवली आहे. त्याच्यात दोन वाहक एकाच साखळीत जोडलेले आहेत, बारा अधिक बारा, एकूण चोवीस दांड्यांचं प्रथिन. पहिला अर्धा भाग नायट्रेट प्रोटॉनसोबत आत ओढतो. त्याला ऊर्जा लागते, पण बदल्यात काही द्यावं लागत नाही. आत नायट्राइट तयार होऊ लागलं की दुसरा अर्धा भाग देवघेव सुरू करतो आणि पुढचं काम स्वस्तात होतं.

नायट्रेट श्वासासाठी नाही तर अन्नासाठी हवं असेल, तर गणित बदलतं. नायट्राइट बाहेर टाकून चालत नाही, त्यातला नत्र तर आत ठेवायचा असतो. गोड्या पाण्यातल्या सायनोबॅक्टेरिया, म्हणजे निळ्या-हिरव्या शेवाळासारख्या दिसणाऱ्या जीवाणूंमध्ये, नायट्रेट फार विरळ असलं तरी ते टिपून घेणारी वेगळी यंत्रणा आहे. एन-आर-टी नावाची ही चार प्रथिनांची टोळी. त्यातलं एक पटलाच्या बाहेर नायट्रेट पकडतं आणि बाकीची एटीपी जाळून ते आत ढकलतात. महाग काम. म्हणून पाण्यात अमोनिया मिळू लागला की ही यंत्रणा लगेच थांबवली जाते. अमोनियातला नत्र कमी कष्टात मिळतो.

वनस्पतींच्या मुळांतही नार-केचे नातेवाईक आहेत. एन-आर-टी-2 या गटातली प्रथिनं त्याच कुटुंबातली. ऊस किंवा गहू जमिनीतून नायट्रेट घेतात तेव्हा जीवाणूंशी नातं सांगणारी ही प्रथिनंही कामाला असतात, फक्त ती देवघेव न करता प्रोटॉनच्या जोरावर नायट्रेट आत घेतात. वनस्पतींमधला पहिला नायट्रेट वाहक ज्या युक्तीने हाती लागला, तीही सांगायला हवी. क्लोरेट हा आयन नायट्रेटसारखाच दिसतो, आणि नायट्रेटच्या वाटेने आत जाऊन विष बनतो. रोपांना क्लोरेट द्यायचं आणि जी जगतील ती उचलायची, कारण त्यांची आत घेण्याची वाटच बिघडलेली असू शकते. अशा जगलेल्या रोपांवरून 1993 मध्ये त्या वाहकाचं जनुक शोधलं गेलं. तो एन-आर-टी-1 या निराळ्या कुटुंबातला निघाला.

कोकणातल्या भातखाचरात मात्र मुळं आणि जीवाणू एकाच नायट्रेटसाठी समोरासमोर येतात. खाचरात पाणी साठलं की खालच्या चिखलात ऑक्सिजन उरत नाही आणि तिथले जीवाणू नायट्रेटवर श्वास घेऊ लागतात. काही जीवाणू नायट्राइटच्याही पुढे, थेट नायट्रोजन वायूपर्यंत जातात आणि खताचा पैसा बुडबुड्यांतून हवेत जातो. भाताला नायट्रेट खत देत नाहीत त्याचं मोठं कारण हे.

हीच गोष्ट अवाढव्य प्रमाणात अरबी समुद्रात चालते. साधारण 150 ते 1000 मीटर खोलीच्या थरात ऑक्सिजन जवळजवळ नाही. खुल्या महासागरात असे मोठे प्रदेश जगात तीनच. बाकीचे दोन पूर्व प्रशांत महासागरात. या थरात नायट्राइटचा स्पष्ट उंचवटा मोजता येतो. नायट्राइट असं पाण्यात साठतं, याचा अर्थ जीवाणू ते आत ठेवत नाहीत, बाहेर सोडतात. गोव्यात दोना पावला इथे असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी, त्यात एस. डब्ल्यू. ए. नक्वी यांचं नाव ठळक, यावर अनेक वर्षं काम केलं आहे. कांदोळीसमोरच्या समुद्रात एका ठरलेल्या ठिकाणी 1997 पासून नमुने घेतले जातात. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खालचं कमी ऑक्सिजनचं पाणी किनाऱ्याजवळ वर येतं, त्यावर पावसाच्या आणि नद्यांच्या गोड्या पाण्याची साय बसते आणि हवा खाली पोचत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात किनाऱ्यालगतच्या तळाशी नायट्रेटही संपत जातं, मग सल्फेटवर जगणारे जीवाणू सरसावतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. याच पाण्यातून नायट्रस ऑक्साइडही मोठ्या प्रमाणात निघतो, हे नक्वी आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये दाखवलं. शंभर वर्षांच्या हिशोबाने हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 273 पट तापमानवाढ करतो.

वाहक प्रथिनाचं वजन किती, हे सर्वांत लख्ख दिसतं ते क्षयरोगाच्या जीवाणूत. मायकोबॅक्टेरियम ट्यूबरक्युलोसिसला वाढायला ऑक्सिजन लागतो. पण फुफ्फुसातल्या गाठीत अडकल्यावर ऑक्सिजन कमी पडतो आणि तो वाढ थांबवून तग धरतो. तेव्हा त्याचं नायट्रेटवरचं काम एकदम वाढतं. साहजिकच वाटलं की विकर जास्त बनत असणार. मोजलं तर विकर ऑक्सिजन असतानाही तेवढंच होतं. पेशी फोडून तपासली तर दोन्ही स्थितींत त्याची ताकद सारखी. वाढत होतं ते नार-के-2 हे वाहक प्रथिन. आतलं यंत्र कायम तयार ठेवलेलं आणि नायट्रेट आत घ्यायचं की नाही, हे पटलावर ठरतं.

नार-के-2 चं जनुक चालू करणारं नियंत्रक प्रथिन म्हणजे डेव्ह-आर. दिल्लीच्या एम्समध्ये जया त्यागी यांच्या प्रयोगशाळेने डेव्ह-आरवर मूलभूत काम केलं आहे. जुन्या लॅबमध्ये क्षयाचे जीवाणू ओळखण्यासाठी एक नायट्रेटची परीक्षा करत: मायकोबॅक्टेरियम ट्यूबरक्युलोसिस नायट्रेटचं नायट्राइट भराभर करतो, गुरांच्या क्षयाचा मायकोबॅक्टेरियम बोव्हिस तसं करत नाही. कारण शोधल्यावर बोव्हिसच्या डीएनएमध्ये विकराच्या जनुकांआधी एका अक्षराचा बदल मिळाला. त्यागी यांच्या गटाने 2010 मध्ये दुसरा बदल दाखवला, तोही एकाच अक्षराचा, वाहकाचं जनुक जिथून चालू होतं नेमकी त्या जागी. त्यामुळे बोव्हिसमध्ये, आणि त्याच्यापासून बनवलेल्या बीसीजी लशीतल्या जीवाणूतही, ऑक्सिजन कमी पडला तरी हे जनुक जागं होत नाही. हे दोन जीवाणू वेगळे ओळखणं उपचारासाठी गरजेचं आहे, कारण क्षयावरच्या नेहमीच्या औषधांपैकी पायराझिनामाइड बोव्हिसवर चालत नाही. वाहकाच्या जनुकाआधीचं ते एक अक्षर वाचूनही दोघांतला फरक सांगता येतो.